डीएनए टेस्ट करून डाएट ठरवावं का? (वजन ६२, तरी साखर काठावर)

पूर्वेचा_वारा · सोमवार, रात्री ११:१२

मंडळी, सल्ला हवाय. ऑफिसात हेल्थ चेकअपचा कॅम्प झाला. वय ३८, उंची पाच फूट आठ इंच, वजन ६२. लग्नातला सूट अजून बसतो. रिपोर्ट हातात आला तर वाटलं दुसऱ्याच कुणाचा दिलाय. एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, बी१२ फक्त १४८. वडिलांना आणि आत्याला डायबेटिस आहे, पण ते दोघं अंगाने भरलेले.

तिथेच एक टेबल मांडलं होतं. नळीत थुंकी द्यायची, १८ हजार भरायचे, मग "तुमच्या जीन्सनुसार तुमचा आहार" अशी जाडजूड पुस्तिका घरपोच. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, सर, तुमचा प्रॉब्लेम जेनेटिक आहे, साध्या डाएटने काही होणार नाही. बायको म्हणते, १८ हजारांची भाजी आणली तर निदान पोटात तरी जाईल.

घर मुलुंड पूर्वेला, ऑफिस फोर्टात. शाकाहारी, अंडं कधीतरी. रात्रीचं जेवण दहाच्या आत होत नाही.

प्रश्न दोन. बारीक माणसाला हे होतंच कसं? आणि ही टेस्ट करावी का? सख्खा भाऊ ९२ किलोचा, स्टेशनबाहेर दोन वडापाव हाणून घरी येऊन पुन्हा जेवतो, त्याची साखर नॉर्मल. आईबाप एकच, मग जीन्सचा संबंध काय?

कोपऱ्यातला_टेबल · सोमवार, रात्री ११:२०

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येतीलच.

खादाड_दादरकर · सोमवार, रात्री ११:३१

नळीत भावाची थुंकी देऊन या. वडापावची परवानगी तरी लेखी मिळेल. (दिवे घ्या.)

स्निग्धांश · मंगळवार, सकाळी ७:०५

आज चक्क खिडकी मिळाली, म्हणून सविस्तर. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

पूवा, तुमच्या पहिल्या प्रश्नावरचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. तिथल्या केईएममधले (परळचं नव्हे, पुण्याचं) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आता बाळ लहान म्हटल्यावर त्याचं सगळंच त्या प्रमाणात लहान असेल असं वाटतं. तसं नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही चढं. म्हणजे दिसायला हडकुळं, आतून चरबीचं. याला तिकडे थेट "थिन-फॅट" बाळ म्हणतात.

याज्ञिकांचा त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांच्याबरोबरचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळायचा नाही.

जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायू घेतात. स्नायूच कमी असले की ती जागा लवकर भरते. उरलेल्या साखरेचं काय करायचं ते यकृताला बघावं लागतं, आणि ते तिची चरबी करून रक्तात सोडतं. तुमचे २४० तिथून आले असण्याची शक्यता बरीच. ट्रायग्लिसराइड वर गेलं की एचडीएल सहसा खाली येतं, ते तुमचं आलेलंच आहे. पुढे चरबी यकृतातच साठायला लागली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि उपाशीपोटीही साखर सोडत राहतं.

आणि भाऊ. भावंडांची जनुकं सरासरी निम्मीच जुळतात. शिवाय त्याच्या ९२ किलोंत स्नायू किती, पोट किती, हे आपल्याला ठाऊक नाही. चरबी मांडीला साठते की यकृतात, यातही माणसामाणसांत फरक असतो.

दादर आलं. टेस्टबद्दल संध्याकाळी.

खादाड_दादरकर · मंगळवार, सकाळी ९:४०

म्हणजे मी बाहेरूनही जाड आणि आतूनही. निदान माझ्यात दुटप्पीपणा नाही.

गिरगावचा_जुना · मंगळवार, सकाळी १०:१५

आमच्या चाळीत ८४ बिऱ्हाडं होती. पहाटे दूध, दुपारी वरणभात, सणाला श्रीखंड-पुरी. कुणाला डायबेटिस नव्हता. जीन्सही तीच होती. हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत.

तळमजल्यावरची · मंगळवार, सकाळी १०:५२

काका, कुणाला नव्हता की कुणी तपासला नव्हता? माझे आजोबा तुमच्या शेजारच्याच वाडीतले. पायाची जखम भरेना, शेवटी अंगठा काढला, तेव्हा कळलं की साखर आहे. तोवर घरात सगळे "त्यांना गोड आवडतं" म्हणायचे.

गिरगावचा_जुना · मंगळवार, सकाळी ११:३०

तेही खरं असेल. पण चार मजले दिवसातून सहा वेळा चढायचो, पाणी भरायचो, त्याचं काय? आता लिफ्ट बंद पडली तर सोसायटीच्या ग्रुपवर शोकसंदेश येतात.

तळमजल्यावरची · मंगळवार, सकाळी ११:३४

ते शंभर टक्के मान्य.

नीरजा_घोडबंदर · मंगळवार, दुपारी १:२०

मी अशी एक टेस्ट केली आहे. नाव सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं म्हणे. ५२ पानी रिपोर्ट, गुळगुळीत कागद. प्रत्येक पानावर लाल, पिवळा, हिरवा मीटर. "तुमची स्थूलतेची प्रवृत्ती: मध्यम." "व्यायामाला प्रतिसाद: चांगला." "आहारात भाज्या वाढवा." हे मला आईने फुकट सांगितलं असतं, सांगतेच ती, रोज.

एक पान मात्र पटलं. त्यात होतं की माझ्या शरीरात कॅफीन सावकाश निघतं. दुपारी चारनंतर कॉफी घेतली तर मी रात्री दोनपर्यंत छताकडे बघत असते, हे कॉलेजपासूनचं आहे. पण मग ते मला आधीच ठाऊक होतं ना?

दुधाच्या पानावर "लॅक्टोज असहिष्णुतेची शक्यता जास्त" असं लाल रंगात. मी रोज मोठा ग्लासभर दूध पिते, ढेकरसुद्धा येत नाही. फोन केला तर मॅडम म्हणाल्या, शक्यता म्हणजे शक्यता.

स्निग्धांश · मंगळवार, रात्री ८:४५

नीरजा, कॉफीचं पान खरं असू शकतं. कॅफीन मोडायचं काम यकृतातलं सीवायपी१ए२ नावाचं एंझाइम करतं आणि त्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो. पण तो वेग फक्त जनुकावर ठरत नाही. सिगारेटने वाढतो, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी कमी होतो. म्हणजे डीएनए तोच, पण गरोदर बाईला तोच कप दुप्पट-तिप्पट वेळ पुरतो.

दुधाचंही ऐका. तान्हेपणी सगळेच दूध पचवतात. मोठेपणी लॅक्टेजचं जनुक मंदावतं, ही माणसाची मूळ रीत. काहींमध्ये त्या जनुकाजवळचं एकच अक्षर बदललेलं असतं आणि ते मंदावत नाही. आपल्याकडे वायव्य भारतात असे लोक जास्त, दक्षिणेला आणि पूर्वेला कमी. युरोपात जो बदल सापडतो तोच भारतातही आहे. ज्यांच्यात तो नाही त्यांनाही एखादा ग्लास बाधेलच असं नाही, आतड्यातले जिवाणू बरंच सांभाळून घेतात. ताक-दह्यात लॅक्टोज मुळात कमी. म्हणून रिपोर्ट लाल आणि पोट शांत, दोन्ही एकाच वेळी खरं.

आता १८ हजारांचा प्रश्न. या पुस्तिकांमध्ये हटकून असणारी जनुकं बघू.

एफटीओ, वजनाशी जोडलेलं. २००७ साली गाजलं. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून येते. जोखमीच्या दोन्ही प्रती असलेल्यांचं वजन, एकही नसलेल्यांपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त. बस, तीन किलो. त्यातही जे हालचाल करतात त्यांच्यात हा परिणाम आणखी कमी दिसतो.

टीसीएफ७एल२. हे जास्त महत्त्वाचं. स्वादुपिंडातून इन्सुलिन किती सुटेल यावर याचा परिणाम होतो, आणि नेहमी आढळणाऱ्या बदलांत टाइप २ डायबेटिसशी सगळ्यात घट्ट नातं याचंच. २००६ मध्ये आइसलँडमध्ये सापडलं, दुसऱ्याच वर्षी पुण्याच्या रुग्णांमध्येही तसंच दिसलं. पण पूवा, पुढचं नीट वाचा. अमेरिकेत काठावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर मोठी चाचणी झाली होती. वजन थोडं उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, एवढ्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. नंतर त्याच लोकांची जनुकं तपासली. या जनुकाच्या दोन्ही जोखमीच्या प्रती असलेल्यांना काहीच न करता डायबेटिस जास्त झाला, पण चालणाऱ्या-खाणं सुधारणाऱ्या गटात तो फरक जवळपास पुसला गेला. "साधं डाएट करून काही होणार नाही" हे जे टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, त्याच्या बरोबर उलट.

आणि जीन्स बघून डाएट नेमून द्यायचं, हेही करून पाहिलंय. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा डाएटफिट्स नावाचा अभ्यास, २०१८. ६०९ माणसं, वर्षभर, निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. जनुकांवरून कुणाला कुठला आहार मानवेल ते आधीच मांडून ठेवलेलं. वर्षाअखेर दोन्ही गटांचं वजन पाच-सहा किलोंनी उतरलं, आणि जनुकाप्रमाणे जोडी जुळली की नाही याने काही फरक पडला नाही.

माटुंगा_लोकल · मंगळवार, रात्री ९:१०

स्निग्धाताई, सोप्या भाषेत: जीन म्हणजे मध्य रेल्वेचं टाइमटेबल. छापलेलं आहे, पण गाडी कधी येणार ते दुसऱ्याच गोष्टींवर.

खादाड_दादरकर · मंगळवार, रात्री ९:१२

आणि १८ हजारांत फक्त टाइमटेबल मिळणार. गाडी वेगळी.

ऋतुचर्या · मंगळवार, रात्री ९:५०

हे सगळं आपल्याकडे वात-पित्त-कफ प्रकृती म्हणून हजारो वर्षांपासून आहेच. प्रत्येकाला वेगळा आहार हे आयुर्वेदाने आधी सांगितलं. पाश्चात्त्य आता शोधतायत.

अर्धवट_वाचक · मंगळवार, रात्री १०:०५

आलं. मी वाटच बघत होतो. पॉपकॉर्न.

स्निग्धांश · मंगळवार, रात्री १०:३०

ऋतुचर्या, टिंगल करणार नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेत यावर रीतसर काम झालंय. २००८ साली त्यांनी वेगवेगळ्या प्रकृतीच्या लोकांमध्ये जनुकांच्या कामात काही फरक दिसतात असं छापलं. प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण प्रकृती बघून आहार दिला आणि साखर उतरली, हे दाखवणं ही पुढची पायरी. जी कसोटी पुस्तिकावाल्यांना लावली, तीच इथे.

ऋतुचर्या · मंगळवार, रात्री १०:४१

कसोटी मान्य. पण पित्ताच्या माणसाने रात्री दहाला मिसळ खाऊ नये, हे कळायला मला चाचणी लागत नाही.

वनस्पतीशास्त्र_नापास · बुधवार, सकाळी ८:२०

मग जीन आणि खाणं यांचा पक्का संबंध कुठेच नाही का? सगळं "शक्यता"च?

स्निग्धांश · बुधवार, सकाळी ८:५५

आहे की. घरी डाएट कोलाचा कॅन असेल तर त्यावरची बारीक अक्षरं वाचा. अ‍ॅस्पार्टेम आहे, फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही, अशी ओळ असते. या मुलांचं एकच जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे प्रथिनांतलं फिनाइलॲलनीन त्यांना मोडता येत नाही. ते साचतं आणि मेंदूला इजा करतं. जन्मल्याबरोबर ओळखलं आणि पहिल्या आठवड्यांपासून मोजूनमापून आहार दिला, तर तेच मूल व्यवस्थित वाढतं. १९५०च्या दशकातच हे करून दाखवलंय. जनुक तेच राहतं, फक्त ताट बदलतं.

एकच जनुक पार बंद असेल तर खाण्याचा परिणाम असा लख्ख दिसतो. डायबेटिस, वजन वगैरेंत शेकडो जनुकं थोडं थोडं ढकलतात. पुस्तिका विकणारे दुसऱ्या प्रकारची गोष्ट पहिल्या प्रकारच्या आवाजात सांगतात, माझा राग त्यावर आहे.

बावाची_सून · बुधवार, सकाळी ११:१०

पहिल्या प्रकारातलं एक आमच्या घरात आहे. मी मराठी, सासर पारशी, दादरच्या कॉलनीत राहतो. नवरा आणि धाकटा दीर दोघांना जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एंझाइमची कमतरता. पारशी लोकांत हे बरंच आढळतं, आणि भारतात हे पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही १९६०च्या दशकात, मुंबईतल्याच पारशांमध्ये, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं.

एरवी काहीच होत नाही. पण पावसाळ्यात दिराला मलेरिया झाला, व्हायवॅक्स प्रकारचा. तो उलटू नये म्हणून १४ दिवस जी प्रिमाक्विन देतात, ती अशा लोकांमध्ये तांबड्या पेशी फोडते. लघवी कोकाकोलाच्या रंगाची होते, हे सासूबाईंनी त्यांच्या भावाच्या बाबतीत पाहिलेलं. म्हणून त्यांनी दवाखान्यात पाऊल टाकताच आधी तेच सांगितलं. डॉक्टरांनी तपासून घेतलं आणि औषधाची आखणीच बदलली. फावा बीन्सनेही तेच होऊ शकतं, म्हणून त्या आमच्याकडे आणत नाहीत.

ही टेस्ट साधी रक्ताची, काही शे रुपयांत झाली. पुस्तिका नव्हती.

कोपऱ्यातला_टेबल · बुधवार, सकाळी ११:२५

वा. हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

सुकट_बोंबील · बुधवार, दुपारी १:३०

मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. बी१२ १४८! मासे खा. आमच्या वर्सोव्यात कुणाला बी१२ची गोळी लागत नाही. मांदेली, सुका जवळा, बांगडा. विषय संपला.

ताक_पी_ताक · बुधवार, दुपारी १:४२

झालं सुरू. दूध-दह्यातून मिळतं हो. आणि आंबवलेल्या इडलीतून, मोड आलेल्या मुगातून.

सुकट_बोंबील · बुधवार, दुपारी १:४५

मुगातून बी१२? मग बांगड्यातून क जीवनसत्त्व.

रुची_पार्ले · बुधवार, दुपारी १:५०

शाकाहार श्रेष्ठ की मांसाहार हा धागा २०१९ मध्ये ४०० प्रतिसादांवर बंद केला होता. कृपया.

संपादक · बुधवार, दुपारी २:१५

सूचना: जातपात आणि कुणाच्या घरातल्या वासांवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. विषयाला धरून लिहा.

स्निग्धांश · बुधवार, सायंकाळी ६:३०

ताक_पी_ताक, दूध-दह्याचं बरोबर. मूग आणि इडलीचं धरून चालू नका, वनस्पती बी१२ बनवत नाहीत. सुकट_बोंबील, मासे उत्तमच, पण पूवा काही उद्या मांदेली तळणार नाहीत.

बी१२वर थोडं थांबते, कारण पोषण, जनुकं आणि चयापचय यांची गाठ इथे अक्षरशः बघता येते. हिरव्या भाजीतल्या, डाळीतल्या फोलेटकडे कार्बनचा एक छोटा तुकडा असतो, मिथाइल गट. तो बी१२ उचलतं आणि होमोसिस्टीनला देतं, त्याचं मेथिओनीन होतं. मेथिओनीनपासून सॅम नावाचं संयुग बनतं, आणि सॅम तोच तुकडा नेऊन डीएनएवर चिकटवतं. कुठलं जनुक चालू, कुठलं गप्प, हे ठरवण्यात या चिकटवलेल्या खुणांचा मोठा हात. म्हणजे दुपारच्या पालकातला कार्बन तुमच्या जनुकावर जाऊन बसू शकतो.

बी१२ कमी असेल तर साखळी मधेच अडते. फोलेट भरपूर असूनही अडकून पडतं, होमोसिस्टीन वाढतं. याज्ञिकांच्या गटाने २००८ साली दाखवलं की गरोदरपणी ज्यांचं फोलेट जास्त पण बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं.

पुस्तिकेत एमटीएचएफआर या फोलेटशी संबंधित जनुकाचंही पान असतं, "म्युटेशन सापडलं" म्हणून घाबरवतात. तो बदल इतका सर्रास आहे की सरसकट तपासू नका असं अमेरिकेच्या वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संस्थेने २०१३ मध्येच सांगितलंय.

इतिहासप्रेमी_ठाकुर्ली · बुधवार, रात्री ९:००

१९४४-४५च्या हिवाळ्यात नाझींनी नेदरलँड्सचं धान्य तोडलं, मोठा दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांची साठ वर्षांनी तपासणी केली तर आयजीएफ२ या वाढीशी निगडित जनुकावर याच मिथाइलच्या खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या. २००८चा अभ्यास. त्या लोकांमध्ये पुढे स्थूलता, साखरेचे त्रास जास्त दिसले. म्हणजे आईने काय खाल्लं हे मूल म्हातारं होईपर्यंत पुरतं.

दोन_पोरांची_आई · बुधवार, रात्री ९:२५

थांबा जरा. हे वाक्य मला खटकलं. दुष्काळ नाझींनी घडवला आणि "आईने काय खाल्लं" म्हणून हिशेब आईच्या नावावर? माझ्या मुलाला लहानपणी दमा होता तेव्हा सासरच्यांनी नऊ महिन्यांचा जमाखर्च काढला होता. जिला शेवटी जेवायला बसवतात, उरलेलं वाढतात, तिला पुन्हा वर विचारायचं की बाई, बी१२ का कमी?

इतिहासप्रेमी_ठाकुर्ली · बुधवार, रात्री ९:४०

तुमचं म्हणणं रास्त आहे. "आईला काय खायला मिळालं" असं वाचा.

दोन_पोरांची_आई · बुधवार, रात्री ९:४८

हां. आता बोला.

स्निग्धांश · बुधवार, रात्री १०:२०

याच मुद्द्यावर मुंबईतलाच एक प्रयोग आहे, फार कमी लोकांना ठाऊक असतो. डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांनी २००६ पासून इथल्या झोपडपट्ट्यांमधल्या साडेसहा हजार बायकांबरोबर केला. गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा असलं काहीतरी. औषध नाही, गोळी नाही, समोशासारखा पदार्थ.

सगळ्यांचा मिळून बाळांच्या वजनात फरक ठळक नव्हता. पण ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्लं, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. आणि गरोदरपणातला डायबेटिस पालेभाजीवाल्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्यात १२.४. मला हा आकडा वजनापेक्षा मोठा वाटतो. यात कुणाचीही जनुकं तपासून खाऊ ठरवला नव्हता.

खादाड_दादरकर · बुधवार, रात्री १०:३१

समोसा खाऊन डायबेटिस टळला. मी फक्त एवढंच वाचलं आणि फोन ठेवला.

डॉ_रात्रपाळी · गुरुवार, पहाटे ४:१०

पालिकेच्या रुग्णालयात मेडिसिनला आहे. वॉर्ड शांत आहे, लिहून घेतो.

पूवा, सगळे जीन्सवर बोलतायत, मला तुमच्याच रिपोर्टात काहीतरी दिसतंय. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या काळात साखर चिकटत राहते. बी१२ किंवा लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी बनतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि त्यांना साखर जास्त दिवस चिकटलेली असते. म्हणजे साखर तेवढी नसतानाही हा आकडा थोडा चढा येऊ शकतो. तुमचं बी१२ १४८ आहे. फक्त ६.१ वर विसंबू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची साखर करून घ्या.

याचा अर्थ काहीच झालेलं नाही असा नव्हे. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलचा खुलासा बी१२ने होत नाही. घरचा इतिहास आहेच. तोही एक जनुकीय तपासणीच धरा, बिनपैशाची. कॅम्पला चहा-नाश्ता करून गेला होतात का? मग २४० चा आकडाही उपाशीपोटी पुन्हा बघायला हवा.

आणि एक प्रश्न: ॲसिडिटीची गोळी रोज घेता का?

जीन टेस्ट मी स्वतः कधी लिहून देतो? विशी-पंचविशीतला बारीक मुलगा, साखर वाढलेली, बाप आणि आजोबा दोघांनाही तरुणपणीच झालेली. तेव्हा मोडी नावाचा एकाच जनुकाचा डायबेटिस असू शकतो. त्यातल्या एका प्रकारात इन्सुलिनवर ठेवलेला मुलगा साध्या गोळीच्या छोट्या डोसवर येतो. तिथे जीन कळल्याने उपचार बदलतो. तुमचं चित्र तसं वाटत नाही, पण इंटरनेटवर निदान करत नाही.

माटुंगा_लोकल · गुरुवार, सकाळी ८:००

डॉक, रात्री दहाच्या जेवणाचं काय? आम्ही काही हौसेने उशिरा जेवत नाही.

डॉ_रात्रपाळी · गुरुवार, सकाळी ८:४०

रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, वाढतं आणि ते इन्सुलिनला थोडं दाबतं. स्पेनमध्ये २०२२ साली यावर अभ्यास झाला, तेही उशिरा जेवणारे लोक. तेच ग्लुकोज झोपेच्या जवळ दिलं तर साखर जास्त चढली, आणि एमटीएनआर१बी या जनुकाचा विशिष्ट प्रकार ज्यांच्यात होता त्यांच्यात आणखी जास्त. जनुक असो वा नसो, सल्ला एकच निघतो. साडेसहा-सातला ऑफिसातून निघताना डब्यातली उसळ-पोळी खाऊन घ्या, घरी आल्यावर ताक, भाजी, अंडं एवढंच. जेवून लगेच पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतात.

माटुंगा_लोकल · गुरुवार, सकाळी ८:४४

साडेसहाच्या गाडीत डबा उघडायला हात वर काढता यायला हवा. प्लॅटफॉर्मवरच खातो.

पूर्वेचा_वारा · १७ दिवसांनी, रविवार, सकाळी १०:२०

उशीर झाला, रिपोर्ट यायचे होते. सगळ्यांचे आभार.

उपाशीपोटी साखर ९९, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५८. म्हणजे काठावर आहेच, डॉक्टरांनी शिक्का मारला. ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी १९६. फेरिटिन ठीक, पण सीबीसीत तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या निघाल्या, बी१२ कमी असल्याची खूण. आणि हो, ॲसिडिटीची गोळी कित्येक वर्षं रोज सकाळी घेतोय, केमिस्टकडून, कुणीही लिहून दिलेली नाही. डॉक्टर म्हणाले, बी१२ अन्नातून सुटायला पोटातलं आम्ल लागतं. शाकाहारी, वर ही गोळी. ती आता हळूहळू कमी करतोय, बी१२ची इंजेक्शनं चालू.

पुस्तिका घेतली नाही. सोसायटीच्या जिममध्ये वजनं उचलायला लागलोय. रात्री पोळ्या चाराच्या दोन, उसळ दुप्पट, जेवून ईस्टला एक फेरी.

डॉक, शेवटचं. तीन महिन्यांनी फक्त एचबीए१सी करू की सगळंच?

डॉ_रात्रपाळी · रविवार, दुपारी ३:३०

सगळंच. बी१२ भरून निघालं की नव्या, तरुण पेशी भराभर बनतात आणि एचबीए१सी खाली येतो, साखर जागच्या जागी असली तरी. ५.७ दिसलं म्हणून पेढे वाटू नका. दोन तासांची साखर १४०च्या खाली आली का ते बघा, आणि पोटाचा घेर मोजून लिहून ठेवा. वजन ६२चं ६३ झालं आणि घेर कमी झाला तर घाबरू नका, तेच हवंय.

ताक_पी_ताक · रविवार, दुपारी ३:५२

पेढे नको, ताक चालेल ना?

डॉ_रात्रपाळी · रविवार, दुपारी ४:०५

चालेल. साखर न घालता.